उद्योगासाठी सिद्ध

अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत एक वचन हमखास आढळते. आमचा विद्यार्थी चार वर्षांच्या अखेरीस ‘उद्योगासाठी सिद्ध’ होऊन बाहेर पडेल, असे ते वचन आहे. नोएडा, ग्रेटर नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद ह्या दिल्लीच्या चहूअंगांनी पसरलेल्या नगरांत ते रस्त्याकडेच्या फलकांवरही वाचावयास मिळते. आणि आपल्यापैकी ज्यांची मुले बारावीच्या उंबरठ्यावर आहेत त्यांनी ते वाचता वाचता भविष्यनिर्वाह निधीतून किती रक्कम काढता येईल ह्याचा हिशेबही मनातल्या मनात मांडलेला असेल. वचन मोठे निरुपद्रवी दिसते. शिकून सवरून मुलाने पोटापाण्याला लागू नये, असे कोण म्हणेल? परंतु ‘सिद्ध’ हा शब्द जरा निरखून पाहिला की शंका उभी राहते. स्वयंपाक सिद्ध करतात तो जेवणाऱ्यासाठी, सैन्य सिद्ध करतात ते सेनापतीसाठी. विद्यार्थी सिद्ध करावयाचा तो कोणासाठी, आणि त्या सिद्धतेचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे.

पूर्वी शिक्षण निखळ ज्ञानासाठी होते आणि आता ते बाजारात उतरले, अशी हळहळ आपल्याकडे नेहमी ऐकू येते. अभियांत्रिकीच्या बाबतीत तरी ही हळहळ इतिहासाला धरून नाही. गंगेचा कालवा खोदावयाचा होता, त्यासाठी ओव्हरसीअर आणि इंजिनिअर हवे होते, म्हणून १८४७ साली रुरकीचे महाविद्यालय निघाले. १८५४ साली त्या कालव्यातून पाणी वाहू लागले. त्याच वर्षी पुण्यात, सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे कर्मचारी मिळावेत ह्या हेतूने एक वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे पुण्याचे सुप्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. दिल्लीत निराळे काही घडले नाही. काश्मीरी गेटजवळचे दिल्ली पॉलिटेक्निक सुरू झाले ते १९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असताना. (त्या एका संस्थेत अभियांत्रिकीबरोबर वास्तुकला आणि चित्रकलाही शिकवीत असत. भावी इंजिनिअर आणि भावी चित्रकार एकाच आवारात वावरत होते, ही गोष्ट मला आजही फार लोभस वाटते.) १९६१ साली निघालेले आणि हौज खासच्या परिसरात वाढलेले महाविद्यालय १९६३ साली भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या पंक्तीत जाऊन बसले. त्यामागेही, युद्धोत्तर भारताच्या औद्योगिक उभारणीला माणसे लागतील, हा सरकार समितीने १९४६ साली मांडलेलाच विचार होता.

तेव्हा अभियांत्रिकीचे शिक्षण नोकरीच्या हेतूने विटाळले, ही तक्रार व्यर्थ होय. ते जन्मतःच कामासाठी आहे. फरक पडला आहे तो अन्यत्र. रुरकीला काय आणि पुण्याला काय, ज्याला माणूस हवा होता तोच माणूस घडविण्याची तजवीजही करीत होता. कालवा सरकारचा, म्हणून महाविद्यालयही सरकारचे.

ह्या मुद्द्यावर सरकारी नोकरीतील वाचकांना फार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांचे स्वतःचे आयुष्य हाच त्याचा पुरावा आहे. इतिहासाचा किंवा संस्कृतचा पदवीधर परीक्षा उत्तीर्ण होऊन येतो आणि शासन त्याला मसुरीला पाठवते. तेथील अकादमी १९५९ पासून हे काम करीत आहे. ह्या पदवीधराला कोषागाराचे नियम येत नाहीत, जमिनीचा सातबारा वाचता येत नाही, म्हणून शासनाने विद्यापीठांना दूषण दिल्याचे कधी ऐकिवात नाही. हे शिकविणे आपले काम आहे, हे शासनाने गृहीत धरले आहे. आणि शिकण्याच्या काळात वेतनही दिले आहे. रेल्वेने १९२७ पासून कित्येक दशके जमालपूरच्या कारखान्यात निवडक तरुणांना विद्यावेतन देऊन यांत्रिक अभियंते घडविले. ती योजना अलीकडे बंद पडली. तिच्यातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी मात्र देशाची आगगाडी पिढ्यान्पिढ्या चालविली.

खाजगी उद्योगालाही हे अशक्य नव्हते. गुरुग्राम हे नाव रूढ होण्यापूर्वीच्या गुडगावात, १९८३ सालच्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली. त्या कारखान्याने आपल्या कामगारांना आणि पर्यवेक्षकांना शिकण्यासाठी जपानला पाठविले होते. तेथून ते जी शिस्त आणि जी पद्धत शिकून आले ती तेव्हाच्या कोणत्याही भारतीय महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हती, आणि म्हणून कारखान्याने हातपाय गाळले नाहीत. त्या कंपनीच्या धुरीणांपैकी आर. सी. भार्गव हे तर प्रशासन सेवेतून आलेले गृहस्थ, शिक्षणाने गणिताचे. ज्या उद्योगाला आपण वीस वर्षे येथेच राहणार आहोत असा विश्वास असतो, तो माणसे घडविण्यावर पैसा घालतो. ‘सिद्ध’ माणूस मागतो तो बहुधा असा, ज्याला दोन वर्षांपलीकडचे दिसत नाही किंवा पाहावयाचे नाही.

आपल्या भाषेत ह्या शिकण्यासाठी एक फार सुंदर शब्द आहे. तो म्हणजे उमेदवारी. कारागिराकडे, वकिलाकडे, छापखान्यात उमेदवारी करावयाची. तो शिकवील, थोडे राबवूनही घेईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उद्योगांवर हे बंधन कायद्याने घातले आणि १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. कायदा आजही आहे. पण त्याच्या शेजारी दुसरी एक रीत वाढली. जे उमेदवारीत शिकावयाचे ते महाविद्यालयातच, विद्यार्थ्याच्या खर्चाने शिकवून घ्यावयाचे, ही ती रीत. अमुक कंपनीची अमुक संगणकप्रणाली, तमुक यंत्राचे प्रमाणपत्र, मुलाखतीत कसे बसावे आणि कसे हसावे ह्याचे वर्ग, ह्या सर्वांचा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून होतो. म्हणजे मालकाने करावयाचा खर्च बापाच्या निवृत्तिवेतनावर येऊन पडला, आणि त्याला आपण शिक्षणातील सुधारणा म्हणू लागलो.

त्यातही गंमत अशी की, ज्याच्यासाठी ही सिद्धता चालते त्याने कसलेच वचन दिलेले नसते. स्थापत्य शाखेचा, यंत्र शाखेचा विद्यार्थी चार वर्षे पूल आणि झडपा शिकतो आणि अखेरीस एखादी संगणक कंपनी त्याला सरसकट उचलून नेते. ती त्याची शाखा विचारीतही नाही. २०२२ साली नेमणुकीची पत्रे हाती पडलेल्या कित्येक पदवीधरांना पुढे महिनोन्‌महिने, काहींना तर वर्षाहून अधिक काळ, कोणी रुजूच करून घेतले नाही. मागणी ओसरली होती. विद्यार्थी ‘सिद्ध’ होते, उद्योग नव्हता.

येथपर्यंत लिहून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. उद्योगांची तक्रार खोटी नाही. अभियंता म्हणून बाहेर पडलेल्या पुष्कळ तरुणांनी सूक्ष्ममापीला बोट लावलेले नसते. प्रयोगशाळेतील महागडे उपकरण मोडेल म्हणून कपाटात बंद असते आणि प्रयोगाच्या वह्या गेल्या वर्षीच्या वह्यांवरून उतरविल्या जातात. शिकविणाऱ्या प्राध्यापकाने कारखान्याचे फाटक आतून पाहिलेले नसते. ह्या दोषाचे मूळ केवळ महाविद्यालयात नाही. हाताने काम करणाऱ्याला खालची पायरी देण्याची आपली जुनी खोड त्यात आहे, आणि आपण पांढरपेशे मराठी लोक तिच्यातून मुक्त आहोत असे मला वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. रंगांधळेपणामुळे रंग सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले आणि तेथे बढती डावलली गेल्यावर बेळगावास आले. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण मुलाने लोखंडाच्या भट्टीपाशी उभे राहावयाचे म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते.

आणि याहून मोठी एक गोष्ट आहे. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, ज्याच्या आईने दागिना मोडून प्रवेशशुल्क भरले, त्या मुलाला ‘शिक्षण हे नोकरीसाठी नसते’ असे सांगणारा मनुष्य मला निष्ठुर वाटतो. नोकरी त्याला हवी आहे, ती त्याच्या हक्काची आहे, आणि ती मिळावी ह्यासाठी महाविद्यालयाने झटणे हे त्याचे कर्तव्यच आहे. निरपेक्ष ज्ञानाचे प्रवचन करणाऱ्याच्या पायाखाली बहुधा पेन्शनची जमीन असते.

मग प्रश्न उरतो तो सिद्धतेच्या जातीचा. जॉन ड्यूई ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९१६ सालच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ ह्या ग्रंथात व्यवसायशिक्षणाचा विचार करताना असा इशारा दिला होता की, आज अस्तित्वात असलेल्या उद्योगांच्या गरजांना माणूस नेमका बसविणे हाच जर त्या शिक्षणाचा हेतू झाला, तर आजच्या व्यवस्थेतील उच्चनीचभाव आणि अन्यायही त्याबरोबर पुढच्या पिढीच्या माथी बसतील. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नेमक्या ह्याच सुमारास डॉ. आंबेडकर ड्यूईंचे विद्यार्थी होते. बापाचा धंदा मुलाने करावा, म्हणून मुलाला तेवढेच शिकवावे, ह्या रचनेचे चटके ज्यांनी सोसले त्यांना ड्यूईंच्या विचारांत आपले काही सापडले असेल तर नवल नाही. माणसाला आधीच ठरलेल्या खाचेत बसविणे, मग ती खाच जातीची असो की कंपनीच्या रिक्त जागांच्या यादीची, ह्यात एक समान गोष्ट आहे. त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा विचार खाच पाडणाऱ्याने केलेला नसतो. प्रवेशाच्या वर्षीची मागणी पदवीच्या वर्षी पालटलेली असते. जी सिद्धता आजच्या मागणीला अगदी तंतोतंत जुळते तीच सर्वांत आधी निकामी होते, आणि निकामी होते तेव्हा तो तरुण तीस-बत्तीस वर्षांचा, घरप्रपंचाचा झालेला असतो.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांनी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला बळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांच्याकडे त्याची सूत्रे होती. त्या कारखान्यात काच जितकी तयार झाली तितकीच माणसेही झाली. शिकून ती इतर प्रांतांत गेली आणि तेथील काच कारखान्यांच्या उभारणीला लागली. त्या तरुणांना ‘उद्योगासाठी सिद्ध’ करणे शक्यच नव्हते, कारण उद्योग जवळजवळ नव्हताच. त्यांना वाळू, भट्टी आणि उष्णता ह्यांचे शास्त्र शिकावे लागले आणि बाकीचे हाताने उभे करावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच, तिच्याकडे येतो. २०२२ सालच्या फेब्रुवारीत गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील एका अठरा मजली इमारतीत सहाव्या मजल्यावरील सदनिकेचा भाग कोसळून खालच्या मजल्यांतून थेट खाली गेला आणि दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. दिल्लीच्या तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी पुढे तपासणी केली, तेव्हा काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने आतल्या सळया गंजल्या असल्याचे दिसून आले. क्लोराइडयुक्त पाणी काँक्रीटात वापरू नये, सळई गंजते, ही गोष्ट स्थापत्य शाखेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो. मुले त्याचे उत्तर बरोबर लिहितात. त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी नोएडाच्या सेक्टर ९३ए मधील, कुतुबमिनाराहून उंच असे दोन मनोरे स्फोटकांनी काही सेकंदांत पाडण्यात आले. शेजारच्या इमारतीपासून सोळा मीटर अंतर हवे होते तेथे ते अवघे नऊ मीटर होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालात बांधकाम करणारे आणि प्राधिकरणाचे अधिकारी ह्यांच्या संगनमतावर बोट ठेवले. सोळा आणि नऊ ह्यांतील फरक कळण्यासाठी अभियांत्रिकीची पदवीही लागत नाही.

ह्या दोन्ही ठिकाणी आराखडे पदवीधरांनी काढले असतील, तपासले असतील, कामावर देखरेख केली असेल. ते सर्व ‘उद्योगासाठी सिद्ध’ होते. ज्या अर्थाने माहितीपत्रके तो शब्द वापरतात त्या अर्थाने तर ते नमुनेदार होते. त्यांनी वेळेत काम केले, वरिष्ठांचे ऐकले, संघात मिळून मिसळून वागले. त्यांच्यापैकी एखाद्याला कधी तरी असे म्हणावेसे वाटले असेल की, हे पाणी वापरता येणार नाही, ह्या कागदावर माझी सही होणार नाही. असे म्हणण्याची सिद्धता त्याला कोणी करून दिली होती काय? उद्योग ही सिद्धता मागत नाही. तिच्यावाचून मात्र तो उद्योग म्हणून टिकू शकत नाही, कारण पुलावर, इमारतीवर, गाडीच्या ब्रेकवर लोकांचा जो विश्वास आहे तेच त्याचे खरे भांडवल आहे.

नीतीचा हा भाग उपदेशाने सुटणारा नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात मानवी मूल्यांचा विषय घातला. हेतू स्तुत्य आहे. पण जेथे नीती हा श्रेयांक मिळवून देणारा एक पेपर होते, तेथे मुले तिचाही मार्गदर्शक विकत आणतात. शिवाय ‘नाही’ म्हणण्याची शक्ती निव्वळ मनोधैर्यातून येत नाही. ती दोन अगदी सामान्य गोष्टींवर उभी असते. एक म्हणजे विषयाची खात्री. ज्याला सूत्र पाठ आहे पण ते कोठून आले हे माहीत नाही, तो वरिष्ठाच्या पहिल्या ‘असेच चालते’पुढे मान तुकवतो. दुसरी, आणि मला वाटते अधिक महत्त्वाची, म्हणजे ही नोकरी गेली तर उद्या काय, ह्या प्रश्नाचे उत्तर. ज्याचे शिक्षण एकाच कंपनीच्या एकाच पद्धतीला जुळवून झाले आहे त्याला ते उत्तर नसते. आणि ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे त्याला तर मुळीच नसते. २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील पदवीचे वार्षिक शुल्क नव्वद हजारांवरून दोन लाख रुपये झाले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अतिशय गरीब घरांतील मुलांना त्यातून सूट आहे, हे खरे. मधल्या थरातील मुलगा कर्ज काढतो. आणि खाजगी महाविद्यालयांत तर तेवढी सूट सर्वत्र नाही. पदवीनंतर काही काळातच हप्ता सुरू होतो. दरमहा हप्ता भरणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाने क्लोराइडच्या प्रश्नावर राजीनामा द्यावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावयाची? सिद्धतेचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न मी आरंभी नीतीचा म्हटला, तो ह्या कारणासाठी. ज्या मार्गाने आपण त्याला उद्योगासाठी सिद्ध केले त्याच मार्गाने आपण त्याचा नकाराचा हक्क गहाण टाकला.

दिल्लीच्या मेट्रोचे एक उदाहरण येथे आठवते. १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे बांधकाम चालू असताना पुलाचा भाग कोसळून सहा जण ठार झाले. ई. श्रीधरन ह्यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. शासनाने तो स्वीकारला नाही. श्रीधरन थोर आहेत ह्यात संशय नाही. परंतु त्या आचरणाची किंमत चुकविता येईल अशा स्थानी ते होते. आयुष्यभराची कीर्ती पाठीशी होती. त्याच कामावरील कनिष्ठ अभियंत्याला खांबाच्या माथ्यावर काही वावगे दिसले, तर ते काम थांबवून सांगण्याचे बळ त्याच्यापाशी असावे, ही व्यवस्था कोणाच्या थोरवीवर सोडून चालणार नाही.

करता येण्यासारखे काही आहे, आणि ते फारसे खर्चाचे नाही. उद्योगाला सिद्ध माणसे हवीत तर त्याने उमेदवारी द्यावी, तीही विद्यावेतनासह. महाविद्यालयाने पहिल्या तीन वर्षांत मूलतत्त्वे आणि हाताचे काम ह्यांपलीकडे कशाचा मोह धरू नये. कंपनीची प्रणाली हुशार मुलगा सहा आठवड्यांत शिकतो. आणि २०२१ चा तो निकाल स्थापत्य शाखेच्या वर्गात नकाशे पुढे घेऊन वाचावा. कोणत्या टप्प्यावर कोणाची सही लागली, त्याच्यापाशी कोणता कागद होता, नियमाने त्याला काय म्हणता आले असते, हे मुलांनी शोधून काढावे. सेक्टर ९३ए ची ती जागा नोएडातील महाविद्यालयांपासून काही दूर नाही. सहल नेता येईल.

आपल्यातील कित्येक निवृत्त मंडळी अशा महाविद्यालयांच्या नियामक मंडळांवर बसतात, आणि त्याहून अधिक जण दर जून-जुलैत मुलाचा किंवा नातवाचा हात धरून प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहतात. तेथे सर्वाधिक पगाराचा आकडा न विचारताच सांगितला जातो. तो ऐकून घेतल्यावर दोन गोष्टी विचारून पाहाव्यात. गेल्या वर्षी पत्रे मिळालेल्यांपैकी प्रत्यक्षात रुजू किती झाले, आणि पाच वर्षांपूर्वी येथून गेलेले विद्यार्थी आज कोणते काम करीत आहेत. पहिल्या प्रश्नाला बहुधा एखादा कागद सापडेल. दुसऱ्यासाठी त्यांना माजी विद्यार्थ्यांना पत्रे धाडावी लागतील, आणि ती त्यांनी धाडावीत.